इंदोरी सायलेन्सर

काही गावांची नावे मालाला चिकटतात आणि मग त्या मालाबरोबर देशभर फिरत राहतात. पैठणचे नाव शालूवर बसले, कोल्हापूरचे वहाणेवर, सोलापूरचे चादरीवर. इंदूरचे नाव शेवेवर आणि पोह्यांवर बसले, आणि त्याविषयी कोणाही इंदूरकराने आजवर तक्रार केलेली नाही. परंतु अलीकडच्या काळात या शहराचे नाव आणखी एका वस्तूवर बसले आहे. दिल्लीच्या, पुण्याच्या किंवा नागपूरच्या मोटारसायकलींच्या सुट्या भागांच्या दुकानात गेले असता 'पंजाबी' नावाच्या नळीशेजारी दुसरी एक नळी टांगलेली दिसते. तिचे नाव 'इंदोरी'. बुलेट मोटारसायकलीचा मूळचा सायलेन्सर काढून त्याच्या जागी ही बसवावयाची, आणि ती लांबून ऐकू येते हाच तिचा गुण म्हणून दुकानदार सांगणार. आवाज दाबण्यासाठी जन्मास आलेल्या वस्तूचे नाव आवाज वाढविणाऱ्या वस्तूला तसेच चालू राहावे, आणि तरुणाने अभिमानाने "सायलेन्सर बसवला" असे म्हणावे, हा भाषेचा एक विनोदच म्हटला पाहिजे.

ज्या शहराने २०१७ पासून वर्षानुवर्षे देशातील सर्वांत स्वच्छ शहर म्हणून पहिला क्रमांक मिळविला, त्याच शहराचे नाव या नळीला मिळाले, ही गोष्ट केवळ हसून सोडून देण्यासारखी नाही. तिच्यामागे इतिहास आहे, आणि तो एका यंत्राचा जितका आहे तितकाच मानाच्या कल्पनेचाही आहे.

आवाज म्हणजे मान, ही समजूत आपल्याकडे फार जुनी. दरवाज्यावर नौबत झडणे हा पूर्वी अधिकाराचा भाग होता. ज्याला तो अधिकार नाही त्याने नगारा वाजविणे हा अपराध मानला जाई. इंदूरच्या राजवाड्यासमोर उभे राहिले म्हणजे या गोष्टीची आठवण होते. होळकरांच्या फौजेचा तोफखाना हिंदुस्थानातील नामांकित तोफखान्यांपैकी एक होता. २१ डिसेंबर १८१७ रोजी क्षिप्रेच्या काठी महिदपूर येथे इंग्रजांशी लढाई झाली, होळकरांच्या तोफांनी इंग्रजांचे पुष्कळ नुकसान केले, आणि तरीही अखेर त्या तोफा इंग्रजांच्या हाती गेल्या. ६ जानेवारी १८१८ रोजी मंदसोरचा तह झाला आणि त्यानंतर इंदूर ही होळकरांची राजधानी झाली. पुढे इंग्रजांनी संस्थानिकांना सलामीच्या तोफा नेमून दिल्या, त्यांत इंदूरच्या वाट्यास १९ आल्या, आणि स्वतःच्या राज्याच्या हद्दीत २१. ज्यांच्या खऱ्या तोफा काढून घेतल्या त्यांना आवाजाच्या तोफा मोजून परत दिल्या, असे या व्यवहाराचे स्वरूप होते. दोन बारांच्या कमीअधिकपणावरून संस्थानिकांचे रुसवेफुगवे चालत. बार किती, यावर माणसाची उंची ठरत असे.

त्यानंतर इंदूरने दुसरा एक मोठा आवाज ऐकला, आणि तो मात्र मानाचा नव्हता. मालवा मिल, हुकुमचंद मिल, राजकुमार मिल अशा कापडगिरण्या विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात उभ्या राहिल्या आणि त्यांच्या भोंग्यांनी कामगार वस्त्यांचा दिवस बांधला गेला. भोंगा कर्कश होता, पण तो सर्वांसाठी होता. त्याने कोणी मोठा ठरत नसे, फक्त वेळ कळत असे. हुकुमचंद मिल १९९१ च्या डिसेंबरात बंद पडली आणि कामगारांची थकलेली देणी फेडण्यास २०२३ साल उजाडले. आज मालवा मिल हे चौकाचे नाव म्हणून उरले आहे. तेथे आता भोंगा ऐकू येत नाही. दुचाक्या ऐकू येतात.

आता यंत्राकडे वळू. मोटारसायकलीचे इंजिन आवाज का करते, हे समजल्यावाचून तो बंद कसा करावा हे समजणार नाही. सिलिंडरमध्ये पेट्रोल आणि हवा यांचे मिश्रण जळते, दट्ट्या खाली ढकलला जातो, आणि काम झाल्यावर जळलेला वायू बाहेर टाकण्यासाठी झडप उघडते. त्या क्षणी आतील वायूचा दाब बाहेरच्या हवेच्या कित्येक पट असतो. हा वायू एकदम सुटतो आणि हवेवर थप्पड मारावी तसा आदळतो. थोडक्यात, प्रत्येक वेळी एक लहानशी तोफ उडते. बुलेटच्या जुन्या ३४६ घनसेंटीमीटरच्या इंजिनात सिलिंडर एकच, आणि मोठा, त्याचा व्यास ७० मिलिमीटर आणि दट्ट्याची चाल ९० मिलिमीटर. चार चालींचे इंजिन असल्यामुळे इंजिनाच्या दोन फेऱ्यांमागे एक बार होतो. गाडी उभी असताना इंजिन मिनिटाला सुमारे १,००० फेरे घेते असे धरले तर सेकंदाला आठेक बार होतात. माणसाचा कान सेकंदाला सुमारे वीसपर्यंतचे ठोके एकमेकांपासून वेगळे ओळखू शकतो. त्यापुढे ते मिसळून त्यांचा एक सूर होतो. म्हणून उभी बुलेट 'धग् धग्' करते आणि धावती बुलेट गर्जना करते. तिच्या चाहत्यांना जी लय हृदयाच्या ठोक्यासारखी वाटते, तिचे गणित एवढेच आहे.

हा आवाज आवरण्याची खटपट मोटारीइतकीच जुनी आहे. अमेरिकेतील इंडियाना राज्यातील कोलंबस गावचे मिल्टन आणि मार्शल रीव्ह्ज या भावांनी १८९७ साली अशा उपकरणाचे पेटंट घेतले. त्या काळी मोटारी घोड्यांना बुजवीत असत, त्यामुळे आवाज कमी करणे ही केवळ सौजन्याची नव्हे तर जिवाची गोष्ट होती. यापेक्षाही चमत्कारिक कथा मॅक्झिम पितापुत्रांची आहे. हायरम मॅक्झिम या गृहस्थाने १८८४ च्या सुमारास पहिली स्वयंचलित मशीनगन तयार केली आणि तिच्या सततच्या आवाजाने तो उतारवयात बहिरा झाला असे सांगतात. त्याचा मुलगा हायरम पर्सी मॅक्झिम याने १९०९ साली बंदुकीचा आवाज दाबणाऱ्या नळीचे पेटंट घेतले, आणि पुढे तेच तत्त्व इंजिनांच्या धुराड्यांना लावले. बापाने तोफ केली, मुलाने तिचे तोंड बंद केले.

या नळीच्या पोटात दोन युक्त्या असतात. पहिली अशी की वायूला एकामागून एक लहानमोठ्या खोल्यांतून, भोकांच्या पडद्यांतून आणि उलटसुलट वळणांतून जावयास लावावयाचे. ध्वनीच्या लाटा भिंतींवर आपटून मागे येतात, एकमेकींना भिडतात आणि एकमेकींना मारतात. दुसरी युक्ती साधी. भोके पाडलेल्या नळीभोवती काचेच्या तंतूंची लोकर गुंडाळावयाची, म्हणजे ती आवाज शोषून घेते, जसे भरलेल्या कपाटाच्या खोलीत बोललेले रिकाम्या खोलीइतके घुमत नाही. कारखान्याचा सायलेन्सर मुख्यतः पहिल्या युक्तीवर चालतो. 'इंदोरी' किंवा 'पंजाबी' नळीत खोल्या जवळजवळ नसतातच. असलीच तर थोडी लोकर असते, आणि पुष्कळदा तीही नसते.

आता ही नळी नेमकी बुलेटलाच का, यालाही उत्तर आहे. इंग्लंडमधील रेडिच गावच्या रॉयल एनफील्ड कंपनीने आपले नाव मिडलसेक्समधील एनफील्डच्या सरकारी बंदूक कारखान्यावरून घेतले होते. या कंपनीचे बोधचिन्ह तोफेचे, बोधवाक्यही 'बंदुकीसारखी घडविलेली' अशा अर्थाचे, आणि १९३० च्या दशकाच्या आरंभी तिने एका गाडीचे नाव ठेवले 'बुलेट', म्हणजे गोळी. सलामीच्या तोफेशी या गाडीचे नाते असे जन्मापासूनचे आहे. स्वातंत्र्यानंतर ती मद्रासमार्गे भारतात येऊ लागली. सीमेवरील गस्तीसाठी भारत सरकारने ३५० सीसीच्या ८०० गाड्यांची मागणी केली, आणि १९५५ साली मद्रास येथे एनफील्ड इंडिया ही कंपनी स्थापन झाली. आधी सुटे भाग आणून जोडणी होत असे, पुढे सर्व भाग येथेच बनू लागले. रेडिचचा कारखाना बंद पडला, इंग्लंडमधील कंपनीही १९७० च्या सुमारास संपली, परंतु मद्रासची गाडी चालतच राहिली. ती चालवीत कोण? फौजी, पोलीस, फौजदार, एखादा सधन शेतकरी. इंदूरला लागूनच महूची छावणी, आणि तेथे सेनेच्या सिग्नल दलाचे मोठे विद्यालय. त्यामुळे बुलेटचा आवाज या भागात कित्येक वर्षे वर्दीचा आवाज होता. तो ऐकला की लोक वाट देत. तरुणाला हवीशी वाटली ती नुसती गाडी नव्हे. ती वाट हवीशी वाटली.

येथे कथेला एक वळण मिळते, आणि त्याचा दोष त्या तरुणांचा नाही. १९९४ साली आयशर समूहाने कंपनी पूर्णपणे हाती घेतली आणि २००९ च्या सुमारास जुने ओतीव लोखंडाचे इंजिन जाऊन नवे, एकसंध बांधणीचे इंजिन आले. ते अधिक टिकाऊ होते, तेल गळत नव्हते, धूर कमी करीत होते. पण त्याचा ठोका मऊ झाला. पुढे २०१७ आणि २०२० साली प्रदूषणाची मानके कडक झाली, तेव्हा तो आणखी मऊ झाला. गाड्यांचा खप मात्र याच काळात कितीतरी पटीने वाढला. म्हणजे ज्या पिढीने बुलेट मोठ्या संख्येने विकत घेतली त्या पिढीला बुलेटचा दंतकथेतील आवाज मिळालाच नाही. तो बाजारातून निराळा आणावा लागला. इंदूरच्या नळीवाल्यांचा धंदा या उणिवेवर उभा आहे. आवाजाची अशी ओढ केवळ आपल्याकडेच आहे असेही नाही. अमेरिकेच्या हार्ले-डेव्हिडसन कंपनीने १९९४ साली आपल्या इंजिनाचा आवाज व्यापारचिन्ह म्हणून नोंदविण्यासाठी अर्ज केला होता, आणि प्रतिस्पर्ध्यांनी हरकती घेतल्यामुळे २००० साली तो मागे घेतला.

इंदूरला दुसरा आदर्श ठाऊक नव्हता असे मात्र म्हणता येणार नाही. राजवाड्यापासून तासाभराच्या वाटेवर, धार जिल्ह्यातील पीथमपूर येथे पुण्याच्या फिरोदियांनी जपानच्या होंडाशी भागीदारी करून १९८० च्या दशकात कायनेटिक होंडा ही स्कूटर काढली. गिअर बदलण्याची कटकट नाही, बटण दाबले की सुरू, आणि आवाज इतका बेताचा की घरातील स्त्रिया आणि वयस्क मंडळी ती सहज चालवू लागली. पीथमपुरात आयशरचा ट्रकांचा कारखाना आहे, आणि वाहनांच्या चाचणीसाठी ११.३ किलोमीटरची लंबवर्तुळाकार धावपट्टी २०२१ साली तेथेच खुली झाली. गाडी नियमात बसविण्याची सारी विद्या एका टोकाला, आणि ती नियमाबाहेर काढण्याची विद्या दुसऱ्या टोकाला, मध्ये एकच रस्ता.

कायद्याची कथा लांब आहे, ती आटोपशीर सांगणे बरे. मध्यप्रदेशाने १९८५ सालीच एक कायदा केला आणि त्याचे नाव 'कोलाहल नियंत्रण अधिनियम' असे ठेवले. सरकारी कायद्यांत इतके सुंदर नाव क्वचितच आढळते. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतील १२० व्या नियमाने प्रत्येक वाहनास, शेतीचा ट्रॅक्टरदेखील धरून, आवाज शक्य तितका कमी करणारे साधन बसविणे आवश्यक ठरविले. कारखान्यातून निघणाऱ्या दुचाकीसाठी २००५ पासून ८० सीसीपर्यंत ७५, १७५ सीसीपर्यंत ७७ आणि त्यावर ८० डेसिबलची मर्यादा घातली गेली. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल, तर रुग्णालये, शाळा आणि न्यायालये यांच्या भोवती १०० मीटरपर्यंत दिवसा ५० आणि रात्री ४० असे अंक ठरविले. १८ जुलै २००५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की शांतपणे जगणे हा जीविताच्या हक्काचाच भाग आहे, आणि आपला आवाज दुसऱ्याच्या कानात बळजबरीने घालण्याचा हक्क कोणालाही नाही. २०२१ साली अलाहाबाद उच्च न्यायालयाच्या लखनौ खंडपीठाने बदललेल्या सायलेन्सरांची दखल कोणाच्या अर्जावाचून, स्वतःहून घेतली. त्याआधी २०१९ च्या दुरुस्तीने दंडाची कमाल मर्यादा हजार रुपयांवरून दहा हजारांवर गेली होती आणि तीन महिन्यांपर्यंतच्या कैदेची तरतूद आली होती.

डेसिबलचे हे अंक फसवे असतात, हे येथे सांगितले पाहिजे. ते साध्या बेरजेने चढत नाहीत. १० डेसिबल वाढले म्हणजे ध्वनीची शक्ती दहापट होते, २० वाढले म्हणजे शंभरपट. कानाला मात्र १० डेसिबलची वाढ सुमारे दुप्पट वाटते. तेव्हा ८० च्या जागी १०० डेसिबलची नळी लावणारा आपण "थोडा आवाज वाढवला" असे म्हणतो, त्या वेळी त्याने शंभर गाड्यांचा आवाज एकट्याने अंगावर घेतलेला असतो. खरे तर अंगावर घेत नाही. गाडी पुढे जाते, आवाज मागे राहतो. इंदूरच्या मोठ्या सरकारी रुग्णालयाला महाराजा यशवंतराव होळकरांचे नाव आहे. एकोणीस तोफांच्या त्या मानकऱ्याच्या नावाने चालणाऱ्या वास्तूत खाटेवर पडलेल्या रोग्याला मध्यरात्री सलामी कोणाची झाली हे कळण्याचे कारण नसते, तो फक्त जागा होतो.

यांतला सर्वांत वाईट प्रकार 'फटाका'. धावत्या गाडीचे बटण क्षणभर बंद करतात. ठिणगी थांबते, पण इंजिन फिरतच असल्याने न जळलेले मिश्रण तापलेल्या नळीत साचते. बटण पुन्हा चालू करताच ते नळीतच भडकते आणि बंदुकीसारखा बार होतो. हे करणाऱ्यास वाटते की गाडीची ताकद दिसली. वस्तुतः जे पेट्रोल चाक फिरविण्यास लागावयाचे ते रस्त्यावर उडाले, आणि नळी व झडप यांचेही आयुष्य घटले. नळी मोकळी केली की गाडी जोरात पळते, ही समजूतही अशीच पोकळ. कारखान्याने इंधनाचे प्रमाण मूळ नळी धरून बसविलेले असते. नळी बदलून बाकी सर्व तसेच ठेवल्यास हाती आवाजाखेरीज फारसे काही लागत नाही. शिवाय नव्या गाड्यांत धूर शुद्ध करणारे साधन नळीच्या मार्गातच असते, तेही या बदलात पुष्कळदा निघून जाते. आवाज वाढतो आणि धूरही.

मग अशी नळी शांत कशी करावी? काही जण भांडी घासण्याची तारेची चोथी नळीत कोंबतात. ती चार दिवसांत जळते किंवा उडून मागच्याच्या अंगावर जाते. नळीचे तोंड दाबून लहान केले तर वायू अडतो आणि इंजिन तापते. जाणता मिस्त्री आधी नळी आणि सिलिंडर यांच्या सांध्यातील गॅस्केट पाहतो, कारण तेथून वायू फुटत असला तर पुढे काहीही बसविले तरी 'टक् टक्' राहतेच. मग लोकर असलेली नळी असेल तर ती उघडून जळून गेलेली लोकर काढतो आणि नवी, उष्णता सोसणारी, घट्ट पण फार दाबून नव्हे अशी भरतो. ही लोकर कायमची नसते, काही हजार किलोमीटरनंतर पुन्हा बदलावी लागते. नळीच्या तोंडाशी भोकांची एक लहान पुंगळी स्क्रूने बसविता येते. दुकानात तिला 'डीबी किलर' म्हणतात. तिने आवाजाची धार कमी होते, पण पोटात खोल्याच नसलेल्या नळीला ती कायद्याच्या मर्यादेत आणू शकेल, असे कोणी प्रामाणिक मिस्त्री सांगणार नाही. तो शेवटी एकच प्रश्न विचारतो: कंपनीचा सायलेन्सर कोठे आहे?

इंदूरला डिसेंबर २०२१ मध्ये पोलीस आयुक्तालय आले. येथे, तसेच पुणे, मुंबई, नागपूर अशा शहरांत, पोलिसांनी गाड्यांवरून उतरविलेल्या नळ्या रस्त्यावर ओळीने मांडून त्यांवरून रोडरोलर फिरविण्याचा प्रघात पाडला. छायाचित्रे चांगली येतात. दुसऱ्या दिवशी दुकानात नव्या नळ्या टांगलेल्या असतात, कारण दंड बसविणाऱ्याचा होतो, बनविणारा आणि विकणारा सहसा सुटतो. नळीवर 'रस्त्यावरील वापरासाठी नाही' अशा अर्थाची ओळ छापली की त्याची जबाबदारी संपली, असे तो मानतो. कचऱ्यासाठी या शहराने दारोदार गाडी पाठविली, ओला आणि सुका वेगळा करण्याची सवय लावली, ज्याच्या दारात घाण त्याला जबाबदार धरले. आवाजाचे तसे वजन करता येत नाही, तो सकाळपर्यंत रस्त्यावर पडूनही राहत नाही. म्हणून त्याच्या मागे कोणी झाडू घेऊन जात नाही.

मूळचा सायलेन्सर मात्र बहुतेक घरांत असतोच. माळ्यावर, गोणपाटात गुंडाळून, गंज चढू नये म्हणून तेलाचा हात फिरवून तो ठेवलेला असतो. चार वर्षांनी गाडी विकावयाची वेळ येते तेव्हा गिऱ्हाईक "कंपनीचा आहे ना?" असे विचारते. मग तो खाली येतो, अर्ध्या तासात दोन बोल्ट आणि एक पट्टी आवळून बसतो, आणि चार वर्षांनी त्या गल्लीत पहिल्यांदाच गाडी सुरू झाल्याचे शेजाऱ्यांना कळत नाही.